तिळीचं साटंलोटं

श्वास रोखून संध्यानं रिमोटचं बटण दाबलं, कॅमेरा केसभर पुढे सरकला, आणि दिवा गेला.

"हलू नका."

"मी कुठं हलून राहिलो? लाईन गेली," धर्मेंद्र म्हणाला. बायकोचं फूल थरथरू नये म्हणून तो सकाळपासून पंखा बंद करून, फुलावर उजेड पाडायला हातात पांढरा पुठ्ठा धरून घामानं निथळत उभा होता.

फूल तिळाएवढं. एका फोटोत त्याची जेमतेम एक कड स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर. म्हणून कॅमेरा जरा जरा पुढे सारत पुष्कळ फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे, तेव्हा कुठे ते पुरतं दिसतं. मध्येच वीज गेली की सगळी मेहनत पाण्यात. संध्यानं पडदा सारून बाहेर पाहिलं. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीखाली गल्लीतली माणसं माना वर करून उभी होती. म्हणजे दुपार तर गेलीच.

अकोल्याच्या मे महिन्यात, दक्षिण अमेरिकेतल्या ढगाळ डोंगरातलं ऑर्किड वाढवायचं म्हणजे खाजवून खरूज काढणंच. पण संध्या तायडे एकदा हट्टाला पेटली की पेटली. इथलं बोअरचं पाणी खारं, म्हणून ती जीवशास्त्र शिकवायची त्या कॉलेजातल्या एसीखाली बादली लावून ठिबकणारं पाणी घरी आणायची. धर्मेंद्र आयटीआयमध्ये शिकवणारा माणूस. त्यानं जुन्या कूलरच्या सांगाड्यात काच बसवून, वाळ्याच्या ताट्या लावून तिला एक थंड पेटी करून दिली होती. झाडाचं लॅटिन नाव लांबलचक. घरात त्याला तिळी म्हणत.

गेल्या वर्षी पुण्याच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, अकोल्यात ऑर्किड कशाला, कापूस लावा. संध्यानं तिथल्या तिथे उत्तर दिलं, "कापूस तर लावतोच. मे महिन्यात फूलही दाखवते." फूल तर आलं. त्यांच्या प्रदर्शनाला फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस होता.

दाराची कडी वाजली. धर्मेंद्रनं दार उघडलं आणि ओरडूनच सांगितलं,

"घे, वरपक्ष आला तुहा!"

अमरावतीचे वामनराव वकील दारात उभे होते, डोक्याला पांढरा रुमाल, हातात स्टीलचा डबा. तिळीचं दुसरं झाड यांच्याकडे. निदान या दोघांच्या ओळखीत तरी ही दोनच. फूल स्वतःच्या परागानं फळत नाही, म्हणून दोघांनी केव्हाच साटंलोटं ठरवून टाकलं होतं. वकिलांचा पराग इकडे, संध्याचा तिकडे, पोरी द्याव्या-घ्याव्यात तसं.

"जय भीम, वकीलसाहेब. फोन तरी करायचा."

"फोन करण्यात वेळ गेला असता, ताई. समोर आली ती एसटी पकडली."

त्यांनी डबा उघडला. बर्फाचं पाणी झालं होतं. त्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांची चिमुकली बाटली, आणि बाटलीच्या तळाशी परागाची पिवळी गाठ. डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना.

"लाईन गेली काय?" वकिलांनी बंद दिव्याकडे पाहिलं. "मग थांबू. आधी तुमचा फोटो. पराग लागला की फूल मिटायला लागतं, मला ठाऊक आहे. त्या पुणेकरांना एकदा दाखवाच तुम्ही."

"पराग टिकेल तोवर?"

"टिकेल टिकेल."

टिकणार नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं. फ्रीज बंद, बर्फ संपलेला, ताट्या वाळायला लागलेल्या.

संध्यानं एक रिकामी बाटली आणि सुई काढली. "तवरक मी तुमच्यासाठी माह्या फुलातला पराग काढून ठेवते."

"नको," वकील पटकन म्हणाले. मग बाटलीचं बूच घट्ट करत, "आमच्याकडचं राहू द्या सध्या."

असं म्हणून ते पेटीच्या काचेपाशी गेले आणि वाकून बघत राहिले. काचेवर टेकलेली त्यांची बोटं संध्याला दिसली, आणि ते पराग का नको म्हणाले ते तिला उमगलं. वकिलांचं झाड गेलं होतं. जाताना त्याला फूल होतं, त्यातला पराग तेवढा त्यांनी वाचवला, आणि उन्हातान्हाचा इथवर आणला. त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं, ते या बाटलीत होतं.

विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं असतं. पण मग आपल्यासाठी त्यांनी तिला फोटो मुळीच सोडू दिला नसता. असला मानी माणूस.

सबंध मोहल्ल्यात संध्याची ख्याती एकच होती, जे असेल ते तोंडावर सांगायची. खोटं बोलायचं म्हटलं की तिचे कान लाल होत. तेच कान घेऊन ती म्हणाली,

"फोटो झाला वकीलसाहेब. सकाळीच झाला."

वकिलांनी मान वळवली. "झाला?"

संध्यानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. धर्मेंद्रच्या हातात पुठ्ठा अजून तसाच होता. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा त्या बाटलीकडे.

"झाला ना," तो म्हणाला. "एक नंबर आला."

"मग वाट कशाची बघून राहिलो?" संध्या म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

खिडकीच्या उजेडात तिनं सुईच्या टोकावर पिवळी गाठ उचलली. धर्मेंद्रनं भिंग धरलं. गाठ फुलाच्या गळ्यात बसली, चिकटली. तिघांनीही एकदमच श्वास सोडला. चहा पिऊन होईस्तोवर फुलाची लाल पाकळी आत वळायला लागली होती. वकिलांनी भिंगातून ते मिटताना पाहिलं, आणि डोळे पुसले. घाम होता, म्हणाले.

मग रिकामा डबा घेऊन ते निघाले. उंबऱ्यात चपला घालताना, वर न बघता म्हणाले,

"फोटो पाठवायची काही घाई नाही, ताई. नाही पाठवला तरी चालेल. शेंग धरली की मात्र कळवा."

त्यांना सगळं कळलं होतं. संध्या काही बोलायला गेली असती तर तिथेच रडू फुटलं असतं, म्हणून ती रागावल्यासारखी म्हणाली,

"उन्हाचं कुठं निघाले? बसा मुकाट्यानं. जेवल्याबिगर कोनी जात नसते."

वकिलांनी चपला काढल्या.