पोह्यांच्या डब्यातून बाहेर

मित्रांनो, मी सात झाकणांचा एक जुना गोळ्यांचा डबा. आज तोंड उघडतोय, कारण आता अगदी वैताग आलाय!

दोह्यात, अल नस्रमधल्या औषधांच्या दुकानातून सुचित्राताईंनी मला घरी आणलं, तेव्हा झाकणांवरची वारांची अक्षरं ठळक होती. सहा वर्षांत ती पुसली गेली. ताईंना नैराश्याचा आजार आहे. चार औषधं बदलली, पण एकाचाही म्हणावा तसा गुण आला नाही. मी मात्र एकही गोळी चुकू दिली नाही.

आणि बक्षीस काय? बेल वाजली रे वाजली, की त्यांचे यजमान देवव्रतराव मला पोह्यांच्या डब्यात कोंबतात. कोणी विचारलंच तर म्हणे, "व्हिटॅमिनं हो!" कपाळ माझं! त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र जेवणाच्या टेबलावर मिरवतात.

मार्चमध्ये जरा आशा दिसली. परदेशातल्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी होती. भास घडवणारं औषध, शेजारी थेरपिस्ट, आणि नंतर कितीतरी तास बोलणं. इथे तसलं औषध जवळ बाळगणंही गुन्हा, म्हणून ताई तिकडे जाणार होत्या. निवडीसाठी व्हिडिओ कॉल ठरला. पण तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकलीत, हे आमच्या इंजिनिअरसाहेबांच्या, म्हणजे देवव्रतरावांच्या, गावीही नव्हतं! कॉल तासभर आधीच आला, आणि घरात शेजारची नुपूर चैत्रातल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन बसलेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सध्या कोणती औषधं चालू आहेत? देवव्रतराव सवयीने बोलून गेले, "ओन्ली व्हिटॅमिन्स."

अहो, जुन्या गोळ्या लपवून नवं औषध घेणं जिवावर बेतू शकतं! मी पोह्यांत नुसता गुदमरत होतो.

तेवढ्यात ताईंनीच मला बाहेर काढलं. "खलास, देवव्रत! पुरे झालं तुझं लपवणं," म्हणत मला कॅमेऱ्यापुढे धरलं आणि नुपूरसमोरच सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्या आमच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतील, मग पुढच्या तुकडीत बघू. नुपूर ताईंजवळ सरकली. "माझ्या आईलाही हेच होतं गं. आम्ही थायरॉइड सांगायचो."

काल पुन्हा बेल वाजली. देवव्रतरावांचा हात माझ्याकडे आला, थबकला. त्यांनी मला मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी ठेवलं आणि ते दार उघडायला गेले.

मित्रांनो, घरातलं दुखणं पोह्यांत पुरू नका. आणि हो, माझ्या शुक्रवारच्या घरात अजून दोन पोहे अडकलेत, तेवढे कोणीतरी काढा!