दोन चकत्या, एक स्क्रू

रविवारी संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी अमेरिकन फुटबॉलचा सामना संपला. शार्लट एका गुणाने जिंकलं, डेट्रॉईट हरलं. स्वयंपाकघरात तीन माणसं होती. टाळ्या एकानेच वाजवल्या, आणि ज्याने वाजवल्या त्याचा चिमटा डेट्रॉईटवर होता.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. साडेतीन फूट लांब, दीड फूट उंच, महोगनीची. बफेलोच्या दक्षिणेला, ईरी सरोवराच्या काठी, पोलाद कारखान्याच्या वस्तीतल्या एका घरात ओट्यासमोरच्या भिंतीवर मी चाळीसहून जास्त वर्षं आहे. लिओनार्डने मला बनवलं. ओतकामासाठी लाकडी साचे करणारा तो कारागीर होता. साच्यातून उरलेला माझा तुकडा तो लांब ओव्हरकोटाखाली लपवून घरी घेऊन आला. त्याने मला तीन दिवस घासलं, तेल पाजलं, दहा पितळी आकडे बसवले आणि चार पितळी स्क्रूंनी भिंतीला लावलं.

दहा आकडे, कारण तेव्हा बाद फेरीत दहा संघ यायचे. पुढे बारा झाले, तेव्हा लिओनार्डने दोन लोखंडी आकडे वाढवले. चौदा झाले तेव्हा त्याचे हात थरथरू लागले होते. शेवटचे दोन आकडे प्लॅस्टिकचे आहेत, चिकटवायचे. त्यांच्याकडे पाहून मला अजून थोडी लाज वाटते.

प्रत्येक आकड्यावर एक गोल लाकडी चकती असते आणि चकतीवर गावाचं नाव. बफेलोची चकती आत असली की निवड नसते, सगळं घर तिच्याच बाजूने. मात्र आमचा संघ बाद झाला, किंवा आत आलाच नाही, की प्रत्येकाने दुसरं एखादं गाव निवडायचं आणि त्या चकतीला आपल्या नावाचा, कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. चिमटा एकदा लावला की हलवायचा नाही. संघ हरला की चकती ज्याची त्यानेच उतरवायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि ज्याची चकती सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल त्याचं एक म्हणणं घराने ऐकायचं.

हा नियम कधी मोडला गेला नाही. लिओनार्डची बायको आयरीन ज्या संघाचा प्रशिक्षक सगळ्यात रडवेला दिसेल तो निवडायची. एका वर्षी ती जिंकली आणि स्वयंपाकघरातली सिगारेट कायमची बंद झाली. मुलगी रेनाटा अकरा वर्षांची असताना जिंकली, कुत्रा आला. शेजारचा युजीन जिंकला तेव्हा लिओनार्डने सगळा हिवाळा त्याच्या दारातला बर्फ फावड्याने उपसला.

माझे चांगले दिवस तेच होते. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. कारखान्यातले लोक माझ्या कडेवरून बोट फिरवून म्हणायचे, "लेन, काय हात आहे रे तुझा!" मग कारखाना बंद झाला. बफेलोची चकती लागोपाठ चार वर्षं शेवटच्या सामन्यापर्यंत टिकली आणि चारही वर्षं लिओनार्डनेच ती उतरवली. पुढे सतरा हिवाळे ती बाद फेरीत आलीच नाही, आणि त्या सतरा वर्षांत आम्ही सतरा परकी गावं आपली मानली. रेनाटा दूर शार्लटला नोकरीला गेली. आयरीन वारली. त्यानंतर माझ्यावर दफनविधीवाल्यांचं फुकटचं कॅलेंडर टांगलं गेलं, आणि त्याच्यामागे मी सहा हिवाळे अंधारात, तळणाच्या वाफेत काढले. आयरीनचा चिमटा माझ्या खालच्या कोपऱ्यात अजून आहे. तो कोणी काढत नाही.

या जानेवारीत कॅलेंडर निघालं. काढलं रेनाटाने, पण त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. लिओनार्डने गॅस पेटता ठेवून झोप काढली, तीही दोनदा. आणि एका मंगळवारी पहाटे सहा वाजता युजीनला तो कारखान्याच्या फाटकापाशी सापडला. तिथे आता फाटक नाही, कुंपण आहे. गुडघाभर बर्फात लिओनार्ड घरातल्या सपाता घालून, हातात डबा घेऊन पाळीला आला होता.

रेनाटा दोन आठवड्यांची रजा काढून आली. रोज संध्याकाळी ओट्यापाशी तोच विषय निघे.

"मी या घरातून बाहेर पडेन तो आडवाच," लिओनार्ड म्हणाला.

"तसंच होणार आहे, बाबा. गॅस उघडा ठेवून."

"शेजारी युजीन आहे की."

"युजीनकाका ब्याऐंशीचे आहेत!"

"एक्याऐंशी," युजीन म्हणाला. "आणि मला मध्ये ओढू नका. मी फक्त पिएरोगी खायला आलोय." पिएरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या. आयरीन करायची त्या पद्धतीने रेनाटा आता करते.

लिओनार्डने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती. अवघड जोड कापायच्या आधी तो लाकडाकडे तसं बघायचा.

"फळीवर लावू," तो म्हणाला. "यंदा बफेलो आत नाहीच."

"काय?"

"तुझा संघ जास्त टिकला तर मी तुझ्याबरोबर येतो. घर विक, काय वाटेल ते कर. माझा टिकला तर मी इथेच, आणि हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

"बाबा, हा काही कुत्रा आणायचा प्रश्न नाहीये."

"कुत्र्याच्या वेळी नियम चालला ना तुला? मग आता का नको?"

रेनाटाने युजीनकडे पाहिलं. युजीनने करंजीकडे पाहिलं. मित्रांनो, तिने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण ती याच घरात वाढली आहे. या घरात माणसं एकमेकांपुढे हरत नाहीत. हरायचंच झालं तर फळीपुढे हरतात. तिने खणातून आपला चिमटा शोधला, आठव्या वर्षी निळ्या शाईने नाव लिहिलेला, आणि शार्लटच्या चकतीला लावला.

लिओनार्डने डेट्रॉईट घेतलं. ते शेवटच्या आठवड्यात कसंबसं आत आलं होतं. युजीन हसला, "लेन्या, अरे ते पहिल्याच शनिवारी घरी जातील!"

"आपलं पोलाद त्यांच्या मोटारींत गेलंय. त्यांना सोडू कसा?"

पहिल्या आठवड्यात दोन्ही गावं जिंकली. दुसऱ्या आठवड्यात त्यांची गाठ एकमेकांशीच पडली. सामना शार्लटला, रविवारी दुपारी तीनला.

फळी काय करू शकते, ते मी तुम्हाला सांगते. वजन धरू शकते. एवढंच. माझ्यावर एक मुलगी आणि तिचा बाप दोन आकड्यांच्या अंतरावर टांगलेले होते. चेंडू सातशे मैलांवर होता, आणि ज्यांच्या हातात तो होता त्यांना आमच्या वस्तीचं नावही ठाऊक नव्हतं.

शनिवारी लिओनार्ड झोपल्यावर रेनाटा फोनवर मैत्रिणीला म्हणत होती, "हरू देत गं माझे. नाही... नाही, जिंकू देत. मलाच कळत नाहीये काय मागू."

सामना सुरू झाला. शार्लटने घरच्या मैदानावर निळे सदरे घातले होते आणि डेट्रॉईटने पांढरे. एरवी निळा रंग डेट्रॉईटचा. पहिल्या अर्ध्यात लिओनार्ड ठणठणीत होता. त्याने पंचांना नावं ठेवली, शार्लटवाल्यांना शिव्या दिल्या, कोंबडीचे सात तिखट पंख खाल्ले. मध्यंतरात खुर्चीतच त्याचा डोळा लागला. वीस मिनिटांनी जागा झाला तो ओरडतच.

"चला रे निळ्यांनो! रेटा त्यांना!"

"लेन्या," युजीन म्हणाला, "म्हाताऱ्या, निळे तिचे आहेत. तुझे पांढरे."

रेनाटाने युजीनच्या मनगटावर हात ठेवला. लिओनार्डने पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग माझ्याकडे.

"कोण कोणाचं आहे ते मला कळतं," तो म्हणाला आणि पुन्हा ओरडला, "चला निळ्यांनो!"

शेवटी चार सेकंद उरले तेव्हा डेट्रॉईट दोन गुणांनी पुढे होतं. शार्लटला सत्तेचाळीस यार्डांवरून चेंडू लाथाडून खांबांमधून पाठवायचा होता. गेला तर तीन गुण. रेनाटाने डोळे मिटले. ती कशासाठी प्रार्थना करत होती, मला माहीत नाही. तिलाही नसावं. चेंडू उजव्या खांबाच्या आतून गेला.

"गेला! बघ, गेला की नाही!" लिओनार्डने टाळ्या वाजवल्या. "सांगितलं नव्हतं मी?"

युजीनने टोपी उचलली आणि दारात थांबून म्हणाला, "रेनाटा, सकाळी येतो गं." गेला.

साडेसात वाजले. दोन्ही चकत्या जागच्या जागी होत्या. डेट्रॉईटची चकती उतरवायचा हक्क एकाच माणसाचा, आणि तो माणूस पाव कापत होता. रेनाटाने दोनदा माझ्याकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तू कोणाच्या बाजूने होतास?"

"सूप गरम कर," लिओनार्ड म्हणाला.

मित्रांनो, चाळीसहून जास्त वर्षं माणसांनी मला निवाडा विचारला आणि मी तो दिल्यासारखा केला. खरं तर मी एकदाही काही ठरवलं नाही. तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तेल लावा, कॅलेंडरामागे झाकू नका. पण जे आपल्या माणसाला तोंडाने विचारायचं, ते तिच्या गळ्यात टांगू नका. तिला उत्तर येत नाही, आणि तोवर विचारायची वेळ निघून जाते.

पावणेआठला लिओनार्ड तळघरात गेला आणि पेचकस घेऊन वर आला. डावीकडचा वरचा स्क्रू निघाला. मग डावीकडचा खालचा. मग उजवीकडचा वरचा. प्रत्येक वेळी त्याने स्क्रू बशीत ठेवला, जसा पूर्वी ठेवायचा. चकत्या त्याने उतरवल्या नाहीत, चिमटेही नाहीत. आयरीनचा चिमटा मात्र अंगठ्याने नीट दाबून पक्का केला.

"सोबत न्यायचीय का, बाबा?" रेनाटाने विचारलं. "माझ्या ओट्यासमोर जागा आहे. अगदी एवढीच."

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो चौथ्या स्क्रूशी झटत होता. त्याच्याच हाताने पहिल्या दिवशी बसवलेला, भिंतीत रुतलेला स्क्रू. मला न्यायला काढत होता की निवाडाच भिंतीवरून काढून टाकत होता, हे त्याने सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्याने पेचकस ओट्यावर ठेवला आणि सूप प्यायला बसला.

रेनाटाचं विमान मंगळवारी आहे. तिकिटं तिने दोन काढली आहेत.

आत्ता आठ वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मी एका स्क्रूवर तिरकी लोंबते आहे. दोन्ही चकत्या घसरून एकमेकींना टेकल्या आहेत. गॅस बंद आहे. रेनाटाने दोनदा पाहिलं.