वसाहत २७

हाना मावशीचा फोन आला तेव्हा अबिगेल इस्रायलमधल्या पेताह तिक्वाच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून संत्रं सोलत होती.

"काय गो, बापाची काही चौकशी करतेस की नाही?" मावशीने सुरुवातच तिथून केली. "काल चहा कपात म्हणून टेबलावर ओतला त्याने. डोळ्यांच्या ऑपरेशनचं पत्र म्हणशील, तर चार महिने झाले, नाव नाही!"

अबिगेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर शुक्रवारी ती दक्षिणेत ओफाकिमला, बाबांना फोन करायची आणि दर शुक्रवारी बाबा म्हणायचे, "येईल गो पत्र, रांग मोठी आहे." ती आधी बाबांवर चिडली, मग पोस्टावर, मग तिथल्या दवाखान्यातल्या कारकुनांवर. दक्षिणेतल्या सगळ्या रोग्यांची ऑपरेशनची यादी याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरात होती आणि तो सांभाळायचं काम तिचं. तिने बाबांचं नाव मागितलं. एलिएझर, मोतीबिंदू, दोन्ही डोळे. आणि खाली लिहिलेलं: दोन पत्रं परत आली, उत्तर नाही, नाव यादीतून काढलं.

"उत्तर नाही काय! पत्र पोचलं तर माणूस उत्तर देईल ना, मेल्यांनो!" ती अशी ओरडली की शेजारच्या टेबलावरची त्सिला दचकली. मग तिची नजर पत्त्यावर गेली. बाबा राहायचे वसाहत २७ मध्ये. पडद्यावर होतं, गिवात रिमोन७.

हा सात कुठून आला ते कळायला तिला फार वेळ लागला नाही. चार-पाच महिन्यांपूर्वी ओफाकिमच्या वसाहत २ ला गिवात रिमोन हे नवं नाव मिळालं होतं. शेकडो पत्ते हाताने कोण बदलत बसणार? अबिगेलने एका ओळीचा हुकूम लिहिला: पत्त्यात जिथे 'वसाहत २' दिसेल तिथे ते काढ आणि 'गिवात रिमोन' घाल. यंत्रच ते, सांगितलं तेवढं इमानाने करणार. 'वसाहत २७' मध्येही 'वसाहत २' दिसतंच की! तेवढं त्याने उचललं आणि सात तसाच ठेवला. वीसपासून एकोणतीसपर्यंत दहाच्या दहा वसाहतींचं वाटोळं. असा हुकूम सोडण्याआधी कोणकोणते पत्ते बदलणार ते काढून डोळ्यांखालून घालायचे, हे नव्या मुलींना तीच बजावायची. त्या दिवशी तिने घातले नव्हते. साहेब नेहेमिया डोक्यावर उभा होता, आणि तिला दोनची बस गाठायची होती.

तिने नावं मोजून कागदावर उतरवली. डोळ्यांच्या यादीतून एकतीस माणसं उडाली होती.

नेहेमियाने कागद बघितला आणि दार लावून घेतलं. "पत्ते सरळ कर. तुझ्या वडिलांना मी पुढच्या मंगळवारच्या ऑपरेशनला घालतो. विषय संपला."

"आणि बाकीचे तीस?"

"पुन्हा अर्ज करतील. त्यांना काय कळणार आहे? पोस्टाने घोळ घातला म्हणतील."

"माझ्या बापाला पुढे ढकलून माझं तोंड बंद करतोस?" अबिगेलने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. "पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा वर्षभर आंधळं बसायचं! सगळ्यांच्या जुन्या तारखा परत दे, नाहीतर मी वर जाऊन सांगते."

"गुरुवारपर्यंत एकतीसही जणांची फॉर्मवर सही आण, मग बघू," तो म्हणाला. जमणार नाही अशी त्याची खात्री होती, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकतीस फॉर्म घेऊन ओफाकिमला उतरली. बाबांच्या दारात आधी जायचं नाही, हे तिने दातओठ खात ठरवलं होतं. वीस नंबरच्या वसाहतीपासून सुरुवात केली. उन्हात जिने चढायची, दार वाजवायची आणि हिब्रूत तेच तेच सांगायची, "शालोम. ऑपरेशनच्या यादीच्या ऑफिसातून आलेय. कॉम्प्युटरची चूक झाली, नाव उडालं. इथे सही करा." तेवीस नंबरात ब्राखा नावाची बाई तिच्या अंगावर धावून आली. "चार महिने माझी आई भिंती चाचपतेय, आणि तू आज कागद नाचवत आलीस?" अबिगेलनेही आवाज चढवला, "मला काय बोलता? कॉम्प्युटरची चूक आहे!" सत्तावीसपर्यंत पोचेतो तिचा घसा पार बसला.

बाबांनी दार उघडलं. तिने बाकीच्या दारांत म्हटलं तेच म्हटलं, तेही हिब्रूत. का, ते तिचं तिलाच ठाऊक नाही. घरात ती कधी हिब्रू बोलायची नाही, मराठीच.

"या, गेवेरेत," बाबा आपल्या तोडक्यामोडक्या हिब्रूत म्हणाले. ऑफिसातल्या बाईंना वाट द्यायला म्हणून ते अदबीने बाजूला सरले, आणि तिच्या खांद्याशेजारच्या चौकटीकडे बघत राहिले. "सही कुठे करायची तेवढं बोट धरून दाखवा. आणि एक मेहेरबानी करा. माझी मुलगी तुमच्याच ऑफिसात आहे, तिच्या कानावर हे घालू नका. बापासाठी वशिला लावते म्हणतील तिला."

अबिगेलला भडभडून आलं. "बाबा, मीच आहे," ती मराठीत म्हणाली. "आणि यादीतून तुमचं नाव माझ्यामुळेच गेलं. हुकूम मी सोडला. बघितलं नाही मी."

बाबांचा हात चौकटीवर गेला.

"सगळ्यांचीच गेली?"

"हो. एकतीस."

"आत्ता तर कॉम्प्युटरची चूक म्हणालीस."

तिने हातातले फॉर्म उगाच सारखे केले.

"बाकीच्या दारांतही तेच सांगितलंस?"

"हो, बाबा."

बाबांचा आवाज चढलेला तिने जन्मात ऐकला नव्हता. "मग इथे कशाला उभी आहेस? जा माघारी! वीस नंबरपासून एकेका दारात जाऊन सांग, मी केलं म्हणून. माझी सही त्यानंतर," ते म्हणाले, आणि कडी चाचपत त्यांनी दार लावून घेतलं.