टिकाऊ जाकीट

कापड फेकू नका, हे शिकवायला मुंबईची बाई गाडीतून उतरली ती चामोर्शीजवळच्या अशा गावात, जिथं फेकलेलं कापड शोधून दाखवलं तर बक्षीस द्यावं! लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी विरली की चुलीवरचं गंज-पातेलं उतरवायचं फडकं. दोन हजार चार साल होतं. शलाका म्याडम फॅशन डिझायनर होत्या. तीन दिवस त्यांनी 'टिकाऊ कपड्यां'वर भाषण ठोकलं. गावातली केसरबाई पुढंच बसून मान डोलवायची. बिचाऱ्या म्याडमला घरी कोणी शिकवलं नसेल, आत्ता कुठं कळलं असेल, असं तिला वाटायचं.

चौथ्या दिवशी म्याडमना तिच्या दोरीवरची गोधडी दिसली आणि त्या वेड्याच झाल्या. त्यात केसरबाईच्या आईचं लुगडं होतं, सासूचं होतं. लेक खुशबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि लेकरू जन्मलं की याच गोधडीत निजणार होतं. नव्या जिवाला जुनंच कापड लागतं, घरच्या बायांनी वापरून मऊ केलेलं.

"मावशी, पंधरा दिवस द्या. चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या प्रदर्शनात मांडते. जशीच्या तशी परत!"

"खुशबूच्या बाळंतपणाआधी पायजे बरं, म्याडम."

"अहो, प्रॉमिस!"

पंधराचे पंचवीस दिवस झाले. खुशबूचे दिवस भरत आले, गोधडीचा पत्ता नाही. शेवटी केसरबाई एसटीनं चंद्रपूरला गेली आणि विचारत विचारत ऊर्जानगरच्या हॉलात शिरली.

मंचावर एक काटकुळी पोरगी जाकीट घालून मुरडत चालली होती. पाठीवर आईच्या लुगड्याचा काठ, गळ्याशी सासूचं हिरवं. मागं पाटी: 'काहीच वाया जात नाही.' केसरबाईचं डोकं फिरलं. ती तडक मंचावर चढली.

"काढ ते!"

पोरीनं घाबरून जाकीट उतरवलं. शलाका धावत आली. "मावशी, मी सोनं केलंय हो त्या गोधडीचं!"

"कापून उरलं ते कुठी हाय?"

"उरलेलं? ते... झाडताना टाकलं असेल."

हे तिनं त्या पाटीखाली उभं राहून सांगितलं. धन्य!

"मी नवं कापड देते ना. पाच मीटर, सेंद्रिय कापसाचं."

"नवं टोचते लेकराले. तुह्या घरचं जुनं दे. दहा साल वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कमी पडलं तेवढं त्याच्यातून जोडीन मी."

शलाकानं विचार केला. अगदी मनापासून केला, खोटं कशाला बोला.

"मावशी, जुनं काही नसतंच माझ्याकडे. दरवर्षी कपाट रिकामं करते मी."

एवढा राग होता, पण आता केसरबाईला तिची नुसती कीव आली. तिथंच मांडी घालून ती दातानं शिवण उसवायला लागली.

"बस, पोरी," ती शलाकाला म्हणाली. "तिकडून तू उसव. लेकराले वाट पाहाले सांगता येत नाई."