मयताचा उजेड

ओमुरकुल-अताच्या अंगणात कुबातने चार फोकस लावले आणि आमच्या कोंबड्याचं डोकं फिरलं. तो संध्याकाळी आरवायला लागायचा, तो पहाटे घसा बसला की थांबायचा. शेवटी आम्ही त्याला खाल्ला. मांस चिवट होतं. झोप न झालेल्या प्राण्याचं असायचंच.

अता म्हणजे बाप; ओमुरकुलला सगळी गल्ली अताच म्हणते. कुबात हा त्याचा एकुलता मुलगा. राहतो मॉस्कोत. तिथून त्याने माणूस पाठवला, त्या माणसाने लोखंडी खांब रोवले, खांबांवर फोकस बसवले आणि फोकसच्या खाली कॅमेरा. अंधार पडला की दिवे आपोआप लागायचे, आणि ते विझवायची कळ कुबातच्या फोनमध्ये. अंगण आमच्या गल्लीत, बटण मॉस्कोत. आमच्या गावात शाळेपुढे दिवा नाही, दवाखान्यापुढे नाही, पुलावर तर नाहीच नाही. पण ओमुरकुल-अताच्या शेणाच्या ढिगावर असा लख्ख उजेड, की ढिगालाच लाज वाटावी.

कारण विचारलं तर म्हणे चोर. आमच्या गावात चोर एकच होता. तो मागच्या निवडणुकीत निवडून आला आणि तेव्हापासून दिवसाउजेडी काम करतो.

माझं घर भिंतीपलीकडे. बायकोने खिडक्यांना गालिचे टांगले. तिच्या हुंड्यातले गालिचे, पाहुण्यांनाही बसायला न दिलेले, ते आता उन्हात विटावेत तसे दिव्यात विटायला लागले. ती रोज मला म्हणायची, "जा, जाऊन भांड." मी रोज भांडायला जायचो. आणि रोज अताचा चेहरा बघून, भांडण तसंच घेऊन परत यायचो.

कारण म्हाताऱ्याचे हाल माझ्याहून वाईट होते. हा माणूस जन्मभर उन्हाळ्यात अंगणातल्या लाकडी तख्तावर उघड्यावर झोपलेला. आता डोळे लाल आणि तोंडात सकाळपासून शिव्या.

"जोल्चू," एकदा भिंतीवरून तो मला म्हणाला, "काल रात्री मी गोठ्यामागे दोनदा जाऊन आलो. सकाळी पोराचा फोन. 'अता, दोनदा उठलात, डॉक्टरला दाखवून घ्या.' आणि मागे सून खिदळत होती! माझ्या बापाच्या जागेत मला मुतायला अंधार मिळेना!"

"त्याला सांगा ना, विझव म्हणून."

"सांगितलं! म्हणतो, अंधारात तुम्ही मला दिसत नाही. अरे, मी काय तुझी मेंढी आहे, लांडग्याने नेली का बघायला? बघायचंच असेल तर ये की इकडे! तर म्हणतो, कामातून सुट्टी नाही, अता. बघायला मात्र सुट्टी आहे!"

अताने एका फोकसला धोंडा मारला. तो माझ्या खिडकीला लागला. मग त्याने वायर कापली. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून वायरमन आला, त्याने वायर लोखंडी पाइपात घातली आणि जाताना म्हणाला, "नशीबवान आहात, अक्साकाल बाबा. केवढी काळजी घेतो मुलगा!" अताने त्याला चहा पाजला नाही. आमच्या गावात ही शिवीपेक्षा मोठी गोष्ट.

शेवटी एका दुपारी अताने मला हाक मारली. "माळ्यावरून बापाचा तो जाड लोकरीच्या नमद्याचा तंबू काढ. त्याला खिडकी नसते. वरचं धुराडं झाकलं की आत कबर. मला झोपायचंय."

आम्ही गल्लीतले चार जण लागलो आणि अंगणात तंबू उभा केला. अताने दार मुद्दाम कॅमेऱ्याकडे पाठ करून ठेवायला लावलं. दोर ताणताना आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही, की आपण काय करतोय. आमच्याकडे घराच्या अंगणात नमद्याचा तंबू आणि रात्रभर दिवे, याचा अर्थ शेंबड्या पोराला विचारा. घरात मयत आहे. पण आम्ही रोज सकाळी म्हाताऱ्याच्या शिव्या ऐकत होतो. शिव्या देणारा माणूस मेला असेल हे सुचणार कसं?

खिंडीवरून येणाऱ्याला मात्र शिव्या ऐकू येत नाहीत. त्याला दिवे दिसतात.

त्याच संध्याकाळी शार्शे कुरणावरून खाली उतरत होता. शार्शे म्हणजे अताचा कुदा, व्याही. अताची मुलगी त्याच्या घरात दिलेली. वर कुरणावर फोनला रेंज नसते. खिंडीवर गाडी आली आणि खाली पाहिलं, तर अख्ख्या काळोख्या खोऱ्यात एकच अंगण पांढरं फटफटीत, आणि मधोमध तंबू.

मी तेव्हा तंबूच्या दाराशी काठी टेकून उभा होतो. काठी कुत्र्यासाठी होती. ते दिव्याकडे बघून सारखं भुंकत होतं आणि आत अता नुकताच झोपला होता, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, घोरत. पण आमच्याकडे मयताच्या दारी काठीवर वाकून कोण उभं राहतं? मुलगा, भाऊ, जवळचा पुरुष.

गाडी फाटकाशी थांबली. आतून आठ-दहा दणकट पुरुष उतरले आणि रिवाजाप्रमाणे धावत, ओरडत आले.

"ओय बोऊरुम! ओय माझ्या काळजा! कुठं गेलास रे माझ्या वाघा! ओऽऽय कुदा!"

"अहो, थांबा—" मी म्हणालो. शार्शेने मला मिठी मारली आणि माझ्या मानेवर हंबरडा फोडला. तो सुटला की दुसरा. प्रत्येकाने मला कवटाळून रडून घेतलं. मी जितका "नाही, नाही" म्हणालो तितके ते "सहन कर, भावा, सहन कर" म्हणाले. रडता रडता शार्शे माझ्या कानात फुसफुसला, "आणि आम्हाला कळवलं नाहीत! कुत्र्याला तरी कळवता की नाही? हा अपमान मी विसरणार नाही. ओऽऽय माझ्या वाघा!"

तंबूचं दार उचललं गेलं. आतून पांढऱ्या अंतर्वस्त्रांत, डोक्यावर कल्पाक टोपी घातलेला ओमुरकुल-अता बाहेर आला.

एक जण तिथेच खाली बसला.

"कोण मेलंय?" अता गरजला.

"तू," शार्शे म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

शार्शेने वर खांबांकडे बोट केलं. "यांनी."

त्यानंतर अता जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पहिला भाग व्याह्याला होता, दुसरा मुलाला, तिसरा वीज शोधून काढणाऱ्याला. "महिन्याभरात पहिल्यांदा डोळा लागला होता, शार्शे! आणि तू मला मारायला आलास!"

"रडलो तरी," शार्शे रागाने म्हणाला. "मेलास असं समजून मनापासून रडलो. उगाच वाया गेलं."

जिवंत माणसासाठी रडणं हा मोठा अपशकुन. रक्त सांडल्याशिवाय तो जात नाही. तेव्हा अताने, दात ओठ खात, मेंढा आणायला सांगितला. अंगणात मेंढा कापला. कॅमेऱ्याला तंबूची पाठ दिसत होती, रडून लाल झालेले व्याही दिसत होते, मेंढा दिसत होता. अता दिसत नव्हता.

अताचा फोन वाजू लागला. मग माझा.

"उचललास तर याद राख," अता म्हणाला. "वाजू दे. बघतोय ना तो? बघू दे. डोळे भरून बघू दे."

मी उचलला नाही. बायकोने उचलू का विचारलं, तर अताने तिच्याकडेही असं पाहिलं की तिने फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, फाटकाशी टॅक्सी आली. व्याही अजून होते, कारण मांसही अजून होतं. टॅक्सीतून कुबात उतरला. शहरी बूट, चुरगळलेला कोट. तो अडखळत, दोन्ही हात पसरून, मोठ्याने रडत अंगणात शिरला. "अताकेम ओय! माझ्या अता! मी नव्हतो हो जवळ!"

अता तख्तावर चहा पीत होता. त्याने वाटी खाली ठेवली नाही.

कुबात थांबला. तोंड उघडं. मग तोंडाचा रंग बदलला.

"तुम्ही जिवंत आहात!"

"तुझी हरकत आहे?"

"मी काम टाकून आलो! विमानात रडत आलो! शेजारची बाई मला पाणी पाजत होती! का नाही उचललात फोन?" तो माझ्याकडे वळला. "जोल्चू बायके, थोरल्या भावासारखे तुम्ही, आणि तुम्हीसुद्धा? लाज नाही वाटत?"

"माझ्यावर ओरडू नकोस," मी म्हणालो. मलाही राग चढला होता. "तुझ्या दिव्यांपायी माझा कोंबडा गेला."

"दिवे मी कुणासाठी लावले? पडले म्हातारे अंधारात, तर कुणाला कळणार?"

"जोल्चूला कळेल!" अता ओरडला. "भिंतीपलीकडे माणूस राहतो! त्याला डोळे आहेत, आणि तो हसत नाही!"

नेमके तेव्हाच दिवे लागले. चारी एकदम. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. अता उठून उभा राहिला.

"माणसं रडली. मेंढा कापला. तंबू आहे, उजेड आहे. म्हणजे मी मेलोय. आता माझा केरेझ ऐका."

केरेझ म्हणजे जाणाऱ्याचा शेवटचा शब्द. तो न पाळणाऱ्या मुलाला आमच्याकडे पंगतीत कुणी जागा देत नाही, त्याच्या पोरांच्या सोयरिकी होत नाहीत.

"माझ्या अंगणात रात्र पाहिजे. एवढंच."

"हे चालणार नाही," कुबात म्हणाला. "तुम्ही जिवंत आहात. जिवंत माणसाचा केरेझ नसतो."

शार्शेने तोंड पुसलं. "आम्ही रडलोय, पोरा. मांसही खाल्लंय. आमच्यापुरता तो झाला."

कुबातने सगळ्यांकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचं काहीतरी दाबलं गेलं. एकामागून एक तीन फोकस विझले.

"आणि तो?" अताने चौथ्याकडे बोट केलं. तो गोठ्यामागचा.

"तो राहील."

"तोच तर नको आहे!"

"तिथेच तर तुम्ही पडाल!"

"मग पडेन! माझ्या गोठ्यामागे मी हवा तसा पडेन!"

व्याही अंधारात चपला शोधत, एकमेकांच्या पायांवर पाय देत निघून गेले. मी भिंत ओलांडून घरी आलो. कुबात मॉस्कोला फोन करून सुट्टी मागून घेत होता, मध्येच थांबून बापाला उत्तर देत होता. गालिचे काढून बायकोने खिडकी उघडली. गोठ्यामागचा फोकस अजून जळत होता, आणि त्याच्याखाली बाप-लेक उभे राहून समोरासमोर, एकमेकांच्या तोंडावर ओरडत होते.