राजाचा अंगरखा, जमादारांचा कोट

आश्विन लागला की म्हैसुरात घरात बसवत नाही. ज्याला बसवतं त्याने वैद्याला नाडी दाखवावी, असं माझं मत आहे. पावसाने आवरतं घेतलेलं असतं, सकाळी अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो, आणि दसऱ्याच्या सवारीचे हत्ती रोज गल्लीच्या तोंडावरून फिरायला नेतात. पोरं उसाचं कांडं घेऊन त्यांच्या वाटेवर उभी राहतात. मागोमाग सीताफळवाली येते, ती अर्धी कानडीत आणि अर्धी मराठीत भाव सांगते आणि दोन्ही भाषांत लबाडी करते. मला तिच्याशी घासाघीस केल्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटत नाही.

पण खरी मजा संध्याकाळची. इथे नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. कानडीत त्यांना बोंबे म्हणतात, आणि आम्ही मराठी माणसंही बोंबेच म्हणतो. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी. ही जोडी मुलीला लग्नात माहेराहून मिळते. दिवेलागण झाली की बायका-पोरं घरोघर बोंबे बघत हिंडतात आणि प्रत्येक घरी पानात बांधलेली उसळ हातावर पडते. आज हरभऱ्याची, उद्या मुगाची, परवा चवळीची. चामराजपुरमच्या कडेची आमची गल्ली तेव्हा नवी होती, घरं जवळजवळ होती, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचता पोचता जेवणाची भूक मेलेली असायची.

या फेरीला आमचे हे कधी आले नाहीत. शिंप्याच्या घरात दसरा म्हणजे दरबारी कोटांची घाई. सगळं म्हैसूर दिवे बघायला निघालं की हे दिव्याखाली काज करत बसायचे. विठ्ठलाच्या देवळातलं भजन आणि मशीनची खडखड, यापलीकडे यांच्या कानांवर दसरा पडलाच नाही. मी दरवर्षी चला म्हणायची, हे दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचे.

राजवाड्याला विजेचे दिवे लागले, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही गोष्ट. समोरच्या घरात फत्तेसिंगराव राहत. घराणं जुन्या शिलेदारांचं, आणि स्वतः पलटणीतून जमादार म्हणून पेन्शनीत आलेले. मिशा अजून नोकरीत होत्या. त्या वर्षी विजयादशमीच्या सवारीत जुन्या शिलेदारांच्या रांगेत चालण्याचं बोलावणं त्यांना आलं. गणपती झाल्याबरोबर ते आमच्या दुकानात आले ते एक जुनी पेटी घेऊन. तिच्यात त्यांच्या आजोबांना दरबारातून मिळालेलं डाळिंबी किनखाब होतं. बाजारात शोधून त्याचा जोड मिळाला नसता. यांनी माप घेतलं, पितृपक्ष लागायच्या आत कापड बेतलं, आणि उरलेले दोन तुकडे जमादारांना परत दाखवले. ठेवा, घरी बोंब्यांना होतील, असं जमादार स्वतः म्हणाले. कातरण शिंप्याकडे राहतं हा रिवाजच आहे, तरी यांनी विचारलं. यांचा स्वभावच तसा आहे.

मी त्या तुकड्यांचा अंगरखा शिवून माझ्या माहेरच्या राजाला घातला. एक तुकडा पुढे, एक मागे. राजा असा काही दिसायला लागला की राणी त्याच्यापुढे मोलकरीण वाटावी. सगळी गल्ली बघून गेली. जमादारांच्या पत्नी भागीरथीबाई तर दोनदा आल्या, आणि घरी जाऊन अगदी भोळेपणाने म्हणाल्या की आपल्या कोटाचं कापड गोदावरीबाईंच्या राजाला फार शोभतंय.

दुसऱ्याच दिवशी जमादार कोट चढवून बघायला आले. बाह्या चढल्या, खांदे बसले, पण गुंडी काही काजापाशी येईना. यांनी ओढून पाहिलं, जमादारांनी श्वास रोखून पाहिलं. दोघेही लाल झाले. मग जमादारांना आमचा राजा आठवला. ते उंबऱ्यावर आले, म्हणजे रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जावं असे उभे राहिले.

"कापड माझ्या आजाचं, दामोदरराव," ते म्हणाले. "मी आवळून फिरायचं आणि तुमचा बोंबे ऐसपैस बसायचा, अल्वा, हो ना?"

एवढं बोलून ते निघून गेले. जुनाच कोट घालीन आणि का घातला ते विचारणाऱ्याला सांगीन, असं जाता जाता म्हणाले. मापात पाप हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण गल्लीने तो ऐकला. शिंप्याला दुसरी शिवी लागत नाही.

मला संताप आला. जमादारांचा गळपट्टाही आता घट्ट होतो हे मला माझ्या खिडकीतून दिसत होतं. मी यांना म्हटलं की तोंडावर सांगा, माणूस सुटलाय. हे म्हणाले, गिऱ्हाइकाला तू जाडा झालास असं शिंप्याने म्हणायचं नसतं, कोट आटला म्हणायचं. थट्टा केली खरी, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी कोट पसरून टेपने पुन्हा मोजला. माप बरोबर आलं. मग ते स्वतःच्या हाताकडे बघत बसले. माझ्या मनात जमादारांचा राग होता, त्यांच्या मनात आलं ते वेगळंच.

"माप घेतानाच हात चुकला असणार," ते म्हणाले. "डोळे गेले माझे. या दसऱ्यानंतर दरबारी कोट घ्यायचे नाहीत. सदरे शिवू."

चोर सोडून संन्याशाला सुळी, तशातला प्रकार. आणि इथे संन्यासी आपल्या पायांनी सुळाकडे निघालेला. ज्या हातांनी अर्ध्या म्हैसूरचे कोट केले ते हात आता मुंडाशाची चिंधी कापतानाही थबकायला लागले. राजाचा अंगरखा उतरव असंही म्हणाले. मी म्हटलं, दशमीच्या आत बोंबे हलवायचे नसतात, आणि उतरवला तर चोरी कबूल केल्यासारखं होईल. मी रडले नाही. पण त्या रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागीरथीबाई दारात. पुरुषांचं पुरुषांपाशी, चला फेरीला, म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका ओशाळा होता की माझ्याने नाही म्हणवेना. आम्ही निघालो. झेंडूच्या माळांचा वास, दिव्यांच्या ओळी, पोरांचा दारोदार तोच प्रश्न, बोंबे मांडलेत का म्हणून. वर्षभर भांडणाऱ्या बाया या दिवसांत एकमेकींच्या राणीचं कौतुक करत होत्या. माझं मन थोडं निवळलं.

आणि मग मला तो डबा दिसला. भागीरथीबाईंच्या हातात पितळेचा चांगला मोठा डबा होता, आणि प्रत्येक घरची उसळ त्या त्यात रिकामी करत होत्या. पलीकडच्या जानकीबाईंनी तर, नोडी, बघा, जमादारांना आवडते, म्हणून त्यांना दोन पुडे दिले. मी विचारलं की तुमचा तर नऊ दिवस उपास, मग हे सगळं खातं कोण.

त्या म्हणाल्या, अन्न टाकवत नाही ना बाई, हे खातात बिचारे.

बिचारे. पितृपक्षात भाऊबंदांकडची वडे-खीर, आणि वर सगळ्या गल्लीची उसळ. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि मी मूग गिळून बसले. शिंप्याच्या बायकोने सांगितलं असतं तर ती सबब ठरली असती. पुरावा जमादारांच्याच घरातून निघायला हवा होता, आणि तो कसा निघणार ते मला सुचत नव्हतं.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. यांनी कात्री, मशीन, गज, इस्त्री, सगळ्या सुया देवापुढे मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. मी मात्र दरवर्षी एक सुई पदराला टोचून ठेवते. बरोबर त्याच दिवशी कुणाची तरी गुंडी तुटते, असा माझा अनुभव आहे. देव एवढं चालवून घेतो.

मग मी समोरच्या घरी हळदकुंकवाला गेले. जमादारांकडे तलवारीची पूजा असते. त्यांच्या घरची रीत अशी की घरच्या कर्त्याने आधी पलटणीतला चामडी पट्टा कमरेला बांधायचा, तलवार लटकवायची, देवीला मुजरा करायचा, आणि मग दोन्ही देवीपुढे ठेवायची. आम्ही बायका दाराशी उभ्या होतो. जमादारांनी पट्टा घेतला, कमरेभोवती फिरवला आणि ओढला. नोकरीभर ज्या भोकात बक्कल बसायचं ते भोक लांबच राहिलं. पुढचंही राहिलं. शेवटच्या भोकापर्यंतही बक्कल पोचेना.

पावसाळ्यात चामडं आटलंय, असं जमादार भिंतीकडे बघत म्हणाले.

भागीरथीबाई देवीला कुंकू वाहत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही. "कोट दामोदररावांनी कापला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पट्टा कुणी कापला?"

हातच्या काकणाला आरसा कशाला. जमादारांनी पट्ट्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, आणि मग फळीवरच्या पितळी डब्याकडे बघितलं. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं. ते हसत होते, आणि डोळ्यांत पाणीही होतं. मला तो माणूस त्या घटकेला आवडला. पट्टा तसाच हातात घेऊन, अनवाणी, ते रस्ता ओलांडून आमच्या दुकानाकडे निघाले. मी मागे धावले. गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडली होती.

ते त्याच उंबऱ्यावर उभे राहिले, आणि या वेळीही रस्त्याला ऐकू जाईल असंच बोलले. "दामोदरराव, तुमचा हात चुकला नाही. माझं तोंड चुकलं. खाताना चुकलं आणि बोलतानाही चुकलं. क्षमिसी."

हे उठून उभे राहिले. मग म्हणाले, जमादारसाहेब, बसा, उद्या कोट घालायचाय तुम्हाला. पण हात कात्रीकडे गेला आणि मागे आला. कात्री झेंडूखाली होती. जमादार म्हणाले की देवाचं हत्यार उचलू नका, मी जुन्या कोटात जाईन, माझी शिक्षा मला.

मी पदराची सुई काढून यांच्यापुढे धरली.

"ही पूजेला का ठेवली नाहीस?" यांनी विचारलं.

"एवढ्यासाठीच," मी म्हटलं.

कात्री लागलीच नाही. सुईच्या टोकाने यांनी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या. आत चांगली बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली होती, ती यांची कायमची सवय. ती मोकळी केल्यावर गुंडी काजापर्यंत आली. पण हात वर केला की काखेत ताण पडत होता. तिथे चौबगले घालायला हवे होते, म्हणजे काखेत बसवायचे दोन चौकोनी तुकडे, आणि त्या किनखाबाचा दोराही कुठे उरला नव्हता. आम्ही दोघांनी एकदमच पायऱ्यांकडे बघितलं. मी राजाला हलवलं नाही. तो जागेवर बसलेला असतानाच त्याचा अंगरखा उतरवून आणला. तो उसवला तर दोनच तुकडे निघाले, एक डाव्या काखेला, एक उजव्या. दोरा यांनी दाताने तोडला.

दुपारभर जमादार आमच्या दुकानात हात वर करून उभे होते. मध्ये जानकीबाईंकडून उसळीचा पुडा आला, तेव्हा त्यांनी मान फिरवली. संध्याकाळी हे शेवटचा टाका घालत होते तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटं कुठेही थबकली नाहीत.

विजयादशमीला मी नेहमीप्रमाणे एकटीच सवारी बघायला निघाले, तर हे जोडे घालून दारात उभे. कोट कसा बसतो ते बघायला हवं, म्हणाले. मीही मान हलवली. रस्त्याच्या कडेला गर्दीत आम्ही उभे राहिलो. घोडे गेले, बँड गेला, आणि मग शिलेदारांची रांग आली. डाळिंबी कोट उन्हात झळकत होता. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं. जमादारांनी आम्हाला बघितलं आणि चालता चालता दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन नमस्कार केला. एवढा उंच नमस्कार देवालासुद्धा कुणी करत नाही. सगळी गल्ली त्यांच्या काखा बघत होती. एक सुरकुती पडली नाही.

मागून अंबारीचा हत्ती आला, पण मला तो नीट आठवत नाही. मी यांच्याकडे बघत होते.

"बसला," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, पुढच्या वर्षीही किनखाब आलं तर घेऊ. आणि मग, जणू रोजच जातो अशा आवाजात, "जानकीबाईंचे बोंबे उतरायच्या आत बघून यायचे का?"

लग्न झाल्यापासून मी या वाक्याची वाट बघत होते. आम्ही हळूहळू चालत गेलो. प्रत्येक घरासमोर हे थांबले, प्रत्येक राणीच्या साडीची शिवण बघितली, आणि आमच्या घरी राजा उघडा का म्हणून ज्याने ज्याने विचारलं त्याला, त्याचा अंगरखा सवारीला गेलाय, असं सांगितलं. जानकीबाईंनी उसळ दिली. यांनी ती रस्त्यातच उभं राहून खाल्ली, पान चाटून पुसून, आणि परत जाऊन आणखी एक पुडा मागितला.

मी यांच्या सदऱ्याच्या काखेकडे बघितलं. सुई पदरालाच होती.