वीतभर ओहोटी

माणूस काय नोकरी करतो असं विचारलं की एका दमात सांगता आलं पाहिजे. आमच्या हिबाचे अब्बा, हमीद, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचे स्पेअर पार्ट विकतात. झालं, संपलं. झुबेरला मी विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

स्थळ खतीजाने आणलं होतं. ती आमच्याच बिल्डिंगमधली, झुबेरची लांबची फुफू, म्हणजे आत्या. मुलगा श्रीवर्धनचा, घराणं नावाजलेलं. आधी टुरिस्ट लोकांच्या मोठ्या जहाजावर होता, मग कॅरिबियनच्या कुठल्याशा बेटावर उतरला आणि तिथेच कामाला लागला. आता गावाहून परत जाताना दुबईत अल क्वोजमध्ये भावाकडे, रफिककडे, थांबला होता. खतीजाकडे हिबाने त्याला पाहिलं आणि तेव्हापासून पोरगी ऑफिसला निघताना आरशासमोरून हलेना. मी आई आहे, मला काही सांगावं लागत नाही.

तर काम काय? टुरिस्टांना बेट दाखवणं. एका फोटोत गोरी माणसं तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी पडलेली. मासे बघतायत म्हणे. मासे बघायचेत तर बाजारात जा ना बाबा! दुसऱ्या फोटोत घोडे गळाभर पाण्यात आणि त्यांच्यावर म्हाताऱ्या बायका. तिसऱ्यात लोक अंगाला गंधकाचा चिखल फासून बसलेले, कारण तिथे डोंगरातून धूर येतो. मग धबधब्याखाली उभं राहणं, कासवांच्या मागे पोहणं. आणि या सगळ्यासाठी ती माणसं रजा काढून, विमानात बसून येतात. मी ऐकून घेतलं. माझ्या चुलत बहिणीचा नवरा बहारीनमध्ये मॅनेजर आहे असं सांगून निकाह लावून गेला होता, तो निघाला गाड्या धुणारा, वर तिथे आणखी एक बायको. परदेशातल्या नोकऱ्या मला कुणी शिकवू नयेत.

"आणि हे फोटो काढतं कोण?" मी विचारलं. कारण सगळ्या फोटोंत हा हसत उभा. हसायला समोर कुणीतरी लागतं ना?

गिऱ्हाइकं काढतात आणि घरी गेल्यावर पाठवून देतात, असं तो म्हणाला. उत्तर तयारच होतं. मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. एखादी मडम असणार.

मग मी माझा प्रश्न काढला. मी जयगड खाडीवरची. लग्न होईपर्यंत ओहोटी लागली की आम्ही बायका कोयता आणि टोपली घेऊन खडकांवर जायचो, कालवं फोडायला. पाणी पार लांब जायचं आणि परत फिरायच्या आत आम्हाला घरी यायचं असायचं. समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाला पहिलं विचारायचं ते हेच. म्हणून मी झुबेरला विचारलं की तुमच्या बेटावर बायका ओहोटीला काय गोळा करतात.

तो म्हणाला, "खाला, तिथे ओहोटी नाहीच म्हटलं तरी चालेल. दिवसभरात पाणी वीतभर वर-खाली होतं, बस."

मी हिबाच्या अब्बांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांच्या वाडवडिलांचा सगळा जन्म होड्यांवर गेला. भरती बघून निघायचं, भरती बघून बंदरात शिरायचं. अरे, शारजाच्या खाडीचं पाणीसुद्धा उतरतं आणि लाँचवाले त्याप्रमाणे दोर सैल करतात! आणि हा म्हणतो, वीतभर. चोरी पकडली गेली होती. मी त्याला आणखी बिर्याणी वाढली, कारण घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत.

तो गेल्यावर हमीद म्हणाले, "खलास. हा त्या बेटावर राहिलेलाच नाही. जहाजावरून लांबून पाहिलं असेल फार तर." मीही तेच म्हटलं. कुठल्याशा हॉटेलात भांडी घासत असेल आणि फोटो दुसऱ्याच्या सहलीचे. हिबा उभी राहिली आणि म्हणाली, "यू बोथ आर इम्पॉसिबल. यू आस्क्ड अबाउट द वॉटर, नॉट अबाउट हिम." आणि खोलीत गेली. तेव्हापासून आमच्याशी बोलणं बंद. नकार खतीजामार्फत कळवला. झुबेर शनिवारी जाणार होता, त्याच्या आत फोटो परत द्यायचे होते.

शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपून हमीद आडवे झाले. हिबा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, न सांगता, आणि नळ जरुरीपेक्षा मोठा सोडून. मी फोटो पाकिटात घालायला बसले. आता खरं सांगते, घालण्याआधी पुन्हा एकदा बघितले, त्या मडमेसाठी. कुठे सावली पडलीय का, बांगडी दिसतेय का.

सावली सापडली. झुबेर धक्क्यावर होडीचा दोर धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी फोटो काढणाऱ्याची सावली होती. रुंद टोपी आणि त्याखाली हे एवढं पोट. मडम नव्हे, कुणीतरी जाडा बाप्या. माझी थोडी निराशाच झाली. मग नजर खाली घसरली, धक्क्याच्या खांबांवर.

आमच्या जयगडच्या धक्क्याचे खांब ओहोटीला बघा. खालपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत कालवं आणि शेवाळ, कारण पाणी तिथवर चढतं. वर जिथे पाणी पोचत नाही तिथे नुसता खांब. हे खोटं बोलत नाही, पाणी कुठवर येतं ते खांबावर लिहिलेलं असतं. या फोटोतल्या खांबाला पाण्यालगत एक काळा पट्टा होता. झुबेरचा मोकळा हात वरच लोंबत होता. पट्टा त्याच्या वितीएवढा.

मी बाकीचे फोटो पसरले. घोड्यांच्या मागच्या खडकांवर तोच पट्टा, तेवढाच. एका घराच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या आणि पाण्यालगतच्या पहिल्या पायरीवर कुणी कुंड्या मांडल्या होत्या. आमच्याकडे त्या कुंड्या पहिल्या उधाणाला वाहून गेल्या असत्या.

पोरगा खरं बोलला होता.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. घरात हे फक्त मला कळलं होतं. पाकीट बंद केलं असतं, खतीजाच्या हातात दिलं असतं, तर हिबा महिनाभर रुसली असती आणि मग रत्नागिरीचा एखादा मुलगा बघितला असता, दुबईत नोकरी करणारा, शुक्रवारी जेवायला येणारा. त्या बेटावर जायला दोन विमानं बदलावी लागतात. मला राग आला, त्या खांबाचा, झुबेरचा, त्या पोटवाल्या टोपीचा. इतका स्वच्छ कशाला काढायचा फोटो?

आत नळ बंद झाला. हिबा हुंदका दाबत होती की नाक पुसत होती, ते काही कळलं नाही. पण मी उठले आणि हमीदना हलवलं.

त्यांनी चष्मा लावला. खांब पाहिला, खडक पाहिले, पायऱ्या पाहिल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "तुझा प्रश्न होता, आता तूच बघ."

मी रफिकच्या घरी फोन लावला. फोन झुबेरनेच उचलला. मी सलाम केला, त्याने केला. माफी मागायची मला सवय नाही, आणि जावई होऊ घातलेल्या माणसाकडे तर मुळीच नाही.

"ओहोटी नाही, मग तिथली माणसं समुद्रातून खातात काय?" मी विचारलं.

म्हणाला की मोठे शंख मिळतात, त्यातल्या मांसाचं कालवण करतात, पण त्यासाठी खोल बुडी मारावी लागते.

"बुडी कोण मारतं?"

"मी मारतो, खाला. माझ्या घरापुरते शंख मीच काढतो."

स्वयंपाकघराच्या दारात हिबा ओल्या हातांनी उभी होती. मी तिच्याकडे पाठ केली, कारण माझा चेहरा धड नव्हता.

"हे बघ," मी म्हटलं, "आमच्या हिबाला पोहता येत नाही. ती फ्लॅटमध्ये वाढलीय, कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. तुमचा समुद्र मागे हटत नाही, दारातच असतो. आधी तिला पोहायला शिकव."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिकवतो," झुबेर म्हणाला. "तुम्ही आलात की तुम्हालाही."

मी म्हटलं, मला येतं. आणि फोन हिबाच्या ओल्या हातात दिला.